सत्ताविसाव्या कलमावर हरकत

प्रिय बारके,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच बाजूला ठेवशील, म्हणून ते मी मेहुण्यांच्या हातात देणार आहे आणि तू वाचून संपवेपर्यंत समोरून हलायचं नाही असं त्यांना बजावणार आहे. त्यांनी आजवर माझा एक शब्द ऐकलेला नाही, पण या वेळी ऐकतील असं वाटतं. फोन तू उचलत नाहीस. माझ्या मेल तू न उघडता कुठल्याशा फोल्डरात ढकलतेस हे मला आईकडून कळलं, आणि फोल्डर म्हणजे काय हेही तिने मला समजावून सांगितलं. पाच महिने झाले याला. मीही काही कमी हट्टी नाही, अजून पाच महिने सहज काढले असते. पण उद्या, बुधवारी, संध्याकाळी पाच वाजता वकिलाच्या एकतीस दुरुस्त्यांची मुदत संपते आहे. तोपर्यंत कुणी लेखी हरकत घेतली नाही, तर त्या जशाच्या तशा आपल्या समितीचे नियम होतील आणि मग हात चोळत बसण्याशिवाय कुणाला काही करता येणार नाही.

आई बरी आहे. तू रविवारी दुपारी येऊन जातेस आणि मी संध्याकाळी, त्यामुळे तिला दोनदा चहा टाकावा लागतो. परवा म्हणाली, मला एकुलती एक अशी दोन मुलं आहेत. तुझी वहिनी हसली, मला हसू आलं नाही. गुडघ्याचं औषध तिने बंद केलंय आणि तुला सांगू नको म्हणाली, म्हणून सांगतो आहे. माझ्याबद्दल तिने तुला काय काय सांगितलं असेल याचा मी हल्ली फार विचार करतो.

सायकलच्या दुकानावरच्या त्या खोलीत आपण पहिल्यांदा बसलो, तेव्हा खुर्च्या तीन होत्या आणि माणसं पाच. इंटरनेटवरच्या पत्त्यांना शेवटी जी शेपटी असते ती आपल्या भागाला वेगळी मिळाली होती, आणि ती सांभाळायची कुणी हे ठरत नव्हतं. कुणाला कुठला पत्ता द्यायचा, दोघे एकाच नावावरून भांडायला लागले तर कुणाचं खरं मानायचं, कुणाचा पत्ता कधी बंद करायचा, म्हणजे त्याची साइटच कुणाला उघडू नये, असली बिनपगारी उठाठेव. मी लिफ्ट तपासणारा, तू रक्त तपासणारी, मावशी टेलिफोन खात्यातून नुकत्याच सुटलेल्या, भूगोल कॉलेजात शिकवणारा म्हणून त्याचं नावच भूगोल पडलेलं, आणि वकील. कुणी आपल्याला निवडलं नव्हतं, दुसरं कुणी तयार झालं नाही एवढीच आपली लायकी. मला अध्यक्ष केलंत, कारण मी सगळ्यांत मोठ्याने बोलायचो. हे मावशींचं म्हणणं, माझं नाही.

बैठकीला पाच माणसं कधी जमायची नाहीत, म्हणून चौदा दिवसांची पद्धत मीच काढली. प्रस्ताव सगळ्यांना मेलवर पाठवायचा, चौदा दिवसांत एकाही सदस्याची हरकत आली नाही तर तो मंजूर. तू तेव्हाच नाक मुरडलंस. म्हणालीस, दादा, गप्प बसलेल्या माणसाला पटलेलंच असतं असं नाही, तो कंटाळलेलाही असू शकतो. मी तुला उडवून लावलं. त्या बदल्यात तू दोन नियम माझ्या गळी उतरवलेस. पत्ता बंद करायचा तर दोन सदस्यांच्या सह्या हव्यात. आणि अध्यक्षाने स्वतःच्या पदाविषयीच्या प्रस्तावावर तोंड उघडायचं नाही, बाजूने नाही, विरुद्ध नाही, कुणाला एकटं गाठून तर मुळीच नाही. उघडलं तर पद गेलं. मला ते दोन्ही नियम माझ्यावरचा अविश्वास वाटले होते. लिफ्टच्या कामात माझी एकट्याची सही चालायची आणि तिच्या भरवशावर माणसं दिवसभर वर-खाली करायची, मग इथेच दुसरी सही कशाला, असं मी तुझ्या वहिनीला घरी येऊन ऐकवलं होतं.

मग तो शनिवार. सकाळी मी भाजी निवडत बसलो होतो आणि फोन आला. समोरच्याने पोलीस खात्याचं नाव घेतलं, दरडावून बोलला. अमुक पत्त्यावर आजारी लोकांना लुबाडणं चाललंय, तासाभरात बंद झाला नाही तर जबाबदार तुम्ही. मी घाबरलो, बारके. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, सगळ्यांना मी सांगितलं की मी तत्परता दाखवली. अर्ध्या तासात दोन सह्यांचा अर्ज नोंदणी सांभाळणाऱ्या कंपनीकडे गेला आणि पत्ता बंद झाला. दुसऱ्या सहीचं मी पुढे लिहितो, मला तिथवर पोचू दे.

तो पत्ता डायलिसिसच्या रुग्णांना स्वतःच्या गाडीने नेणाऱ्या लोकांचा होता. कुणी, कुणाला, किती वाजता घ्यायचं हे सगळं तिथेच लिहिलेलं असायचं. एकोणीस तास ते बंद राहिलं. फोन करणारा पोलीस नव्हताच, रुग्णवाहिका भाड्याने देणारा कुणीतरी होता, हे मागाहून कळलं. एक आजोबा जिन्याच्या पायरीवर पिशवी घेऊन गाडीची वाट बघत बसले आणि शेवटी त्यांना उचलून रुग्णालयात आणावं लागलं. त्यांच्या रक्ताचा नमुना तुझ्याच टेबलावर आला. तू आकडा पाहिलास, पुन्हा तपासलास आणि कागद घेऊन धावत वॉर्डात गेलीस. ते वाचले. हे मला मेहुण्यांनी फोनवर सांगितलं, आणि सांगून झाल्यावर त्यांनी फोन ठेवला, निरोपसुद्धा घेतला नाही.

पुढच्या बैठकीत तू आरडाओरडा केला नाहीस. केला असतास तर मला सोपं गेलं असतं, मी तुझ्यावर ओरडायला तयारच होऊन आलो होतो. तू फक्त म्हणालीस की इतिवृत्तात एक ओळ लिहा, त्या अर्जावरच्या दुसऱ्या सहीबद्दल. आणि मी मावशींच्या देखत, भूगोलाच्या देखत म्हणालो, बारकीला खुर्ची हवी आहे, म्हणून हे सगळं चाललंय. तू पर्स उचललीस आणि जिना उतरलीस. वकिलाने इतिवृत्तात लिहिलं, ‘सहीबाबत काही गैरसमज झाला’, आणि त्याखाली मी सही ठोकली. तेव्हापासून तू समितीत आहेस, पण तुझं एक अक्षर कुठे उमटलेलं नाही. राजीनामाही दिला नाहीस. दिला असतास तर मी सांगत फिरलो असतो की बघा, रुसून गेली.

आता या एकतीस दुरुस्त्या. त्यातल्या तीस अशा आहेत की वाचता वाचता डोळा लागावा. सूचना किती दिवस आधी द्यायची, हजेरी कुठे नोंदवायची, कुठल्या वाक्यातला कुठला स्वल्पविराम काढायचा. सत्ताविसावं कलम तेवढं नीट वाच. मुदत संपली तरी ‘योग्य व्यक्ती मिळेपर्यंत’ अध्यक्षाने पदावर राहावं, आणि तातडीच्या प्रसंगी पत्ता बंद करायला त्याची एकट्याची सही पुरावी. योग्य व्यक्ती कोण आणि तातडी कशाला म्हणायचं, हेही त्यानेच ठरवायचं. हा प्रस्ताव सगळ्यांकडे गेला त्या दिवशी मला काय वाटलं, खरं सांगू? बरं वाटलं. माझी मुदत पुढच्या महिन्यात संपते. नोकरी संपल्यावर मला साहेब म्हणणारी जगात एवढी एकच खोली उरली होती.

गेल्या गुरुवारी सकाळी वकील घरी आला. तुझ्या वहिनीची विचारपूस केली, कुंड्यांचं कौतुक केलं आणि खिशातून एक चिठ्ठी काढली. तिच्यावर तीन पत्ते होते. बुधवारी पाच वाजले की गुरुवारी सकाळी हे तीन बंद करून टाकू, तातडीचे आहेत, म्हणाला. मी त्याच्यासमोरच ते उघडून पाहिले. एक त्याच्या अशिलाच्या कारखान्यातल्या कामगारांचा, तिथे ते यंत्रात गेलेल्या बोटांचे फोटो लावतात. दुसरा एका इमारतीतल्या भाडेकरूंचा, त्यांचा मालकही याचाच अशील. तिसरा एका बाईचा, ती वकिलावरच खटला भरून बसली आहे. मी म्हणालो, मी सही करणार नाही. त्याचा आवाज जरासुद्धा चढला नाही. म्हणाला, साहेब, दमला असाल तर राजीनामा द्या, उपाध्यक्ष मी आहेच. आणि राहायचं असेल तर सही करा, नाहीतर त्या शनिवारचा अर्ज मला बाहेर काढावा लागेल. चहा संपवून, कप स्वतः आत नेऊन ठेवून तो गेला. तुझी वहिनी अजून म्हणते, किती रीतीचा माणूस आहे.

तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. मी राजीनामा दिला तर ती खुर्ची आणि ती एकट्याची सही त्याला आयती मिळते. राहिलो तर त्याच्या हातातलं प्यादं होऊन राहतो. मला स्वतःला हरकत घेता येत नाही, तुझ्या नियमाने मी मुका आहे. भूगोल विद्यार्थ्यांना घेऊन डोंगरात गेलाय, शनिवारपर्यंत त्याचा फोन लागायचा नाही. मावशींचं काल हृदयाचं ऑपरेशन झालं, काचेतून बघून आलो, त्यांना कलमं वाचून दाखवण्याइतका मी निर्लज्ज झालेलो नाही. उरलीस तू. चौदातले तेरा दिवस तू गप्प आहेस. वकिलाने तुला होकारात धरून टाकलंय, आणि धरू नये तरी का, तुला गप्प बसवायला मी होतोच की. मागल्या गुरुवारपासून रोज फोन हातात घेतो, तुला लावतो, तो वाजून वाजून थांबतो, आणि दर वेळी मला तुझा राग येतो. मग आठवतं की यात रागवायचा हक्क कुणाचा आहे.

आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहितो. त्या अर्जावरची दुसरी सही तुझी नव्हती. सहीच्या जागी तुझं नाव मी टाइप केलं, तुला न विचारता. वाटलं, बारकी काय, घरचीच आहे, मागाहून सांगू. ते आजोबा तुझ्या रुग्णालयात आले तेव्हा त्यांचा पत्ता बंद करणाऱ्यांत तुझंही नाव होतं, आणि ते खोडायला तू एकच ओळ मागत होतीस. दुसरं, सत्ताविसावं कलम वकिलाचं नाही. ते मी लिहिलं, जेवणाच्या टेबलावर बसून, शब्द निवडून निवडून, आणि मीच त्याला सांगितलं की हे मधे कुठेतरी घाल म्हणजे कुणी वाचणार नाही. खुर्ची मला हवी होती. हे पत्र लिहून मी तुझा नियम मोडतो आहे, आणि मोडायचा म्हणूनच लिहितो आहे. उद्या पाचच्या आत हरकत पाठव आणि तिला हे पत्र जोड. सगळंच जोड, आईच्या गुडघ्यासकट, कारण कापलेल्या पत्रावर वकील बोट ठेवील. कलम पडेल. तुझं नाव धुऊन निघेल. मला दाखवायला त्याच्याकडे काही उरणार नाही, आणि माझं पद त्याच क्षणी जाईल. नव्या अध्यक्षाच्या निवडणुकीपर्यंत महिनाभर खुर्चीत तोच बसेल, पण दुसरी सही त्याला तुझ्याकडे किंवा भूगोलाकडेच मागावी लागेल. पुढे तू उभी राहायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी त्यात बोलणार नाही. माफी मात्र मी इथे मागत नाही. हे पत्र सगळे वाचणार, आणि मग ती त्यांच्यासाठी मागितल्यासारखी होईल. ती मला तुझ्यासमोर उभं राहून मागायची आहे. उद्या पाच वाजून गेले की मी तुझ्याकडे येतो. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

तुझाच,
दादा
अध्यक्ष, उद्या पाच वाजेपर्यंत