निर्दोष कोकरू

३ फेब्रुवारी
प्रभू, नेकनूरजवळच्या या वस्तीवर सुखरूप आणलंस, तुझे आभार. उपकेंद्रात आजच नर्स म्हणून रुजू झाले आणि सारजाबाईंच्या घरात खोलीही मिळाली. धनगराचं घर. अंगणातल्या कुंपणात मेंढरं, दिवसभर त्यांचा कालवा. बाईंनी गरम भाकरी, ठेचा वाढला आणि म्हणाल्या, ‘‘सुवार्ता, आता तू माजी लेकच हाय.’’ त्यांचा मुलगा सिदू ऊसतोडीवरून हंगाम अर्धा टाकून परत आलाय. सून बबिता गरोदर आहे, ती तिकडूनच माहेरी गेली म्हणे. रोज प्रार्थना लिहायची सवय इथंही टिकू दे.

५ फेब्रुवारी
सिदूसाठी मागते. तो नीट जेवत नाही, सारखा हात धुतो. आज ओट्यावर लिहीत बसले होते, तर जवळ येऊन विचारलं, कुणाला लिहिता. मी तुझ्याविषयी सांगितलं. लई मोठं पाप केलं तरी माफी हाय का, म्हणाला. आहे म्हटलं. मग त्याला कोकराची गोष्ट सांगितली. पूर्वी लोक पापासाठी निर्दोष कोकरू कापत; पुढे सगळ्यांसाठी क्रुसावर तूच आपलं रक्त दिलंस. तो हमसून रडला. प्रभू, माझे शब्द कामी आणलेस.

८ फेब्रुवारी
सकाळी कुंपणात एक कोकरू मेलेलं. सारजाबाई म्हणाल्या, लांडगा. पण लांडगा गळा फाडतो, हा एका घावात तुटलेला होता. सिदू हौदाशी बसलेला, कोपरापर्यंत लाल. आज हात धूत नव्हता.
मी समजावलं, आता कुणाचं रक्त लागत नाही, ते एकदाच झालं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि हात पुढे केले. ‘‘मंग हे जात कावून न्हाई, सिस्टर?’’

१० फेब्रुवारी
आज तीन मेंढ्या. एक गाभण होती. तिचं पोट उभं चिरलेलं, पिल्लू बाहेर काढून दगडावर ठेवलेलं. सारजाबाई अंगण धूत होत्या.
मी बबिताच्या भावाला, रामेश्वरला, फोन केला. ती माहेरी आलेलीच नाही.

११ फेब्रुवारी
पोलिसांना कळवलं. उद्या येतो म्हणाले.
सिदूनं आपण होऊन सांगितलं. उसाच्या फडात बबिताशी भांडण झालं. कोयत्यानं. पोटातलं मूल हलत होतं तरी तो थांबला नाही. मग पाचट पेटवलं. माझ्याकडे पाहत म्हणाला, मेंढरानं भागंना. माणूसच पायजे. निर्दोष.
वस्तीवरून निघायला गाडी नाही. प्रभू, उद्या लवकर होऊ दे.

१२ फेब्रुवारी, दुपार
पोलीस अजून नाहीत. तो कोयता घेऊन माझ्याकडे आला — सारजाबाई मध्ये पडल्या. त्यांचा हात — मी ओढणी आवळून बांधली, पण हात कोपराखाली नव्हताच. नाडी थांबली. माझ्या मांडीवर.

तो आईकडे बघत राहिला, तेवढ्यात खोलीत पळाले. कडी लावली. फोन अंगणात पडलाय. ओरडले, पण कुणी —

फळीवर घाव घालतोय. पात्याचं टोक आत दिसतं —
त्याला क्षमा कर, असं लिहायला हवं. लिहवत नाही. त्याला मार, प्रभू. आत्ता. दार तुटायच्या आत त्याला मारून टाक —

थांबला. फटीतून दिसतोय, गुडघ्यावर बसलाय. माझ्यासाठी तुझे आभार मानतोय. डाग नसलेलं कोकरू दिलंस म्हणतोय —
नाही. प्रभू, सांग त्याला, मी निर्दोष नाही. आत्ताच मी त्याच्या मरणाची —