रसातलं मीठ आणि उलटी लाट

बाई, आज कोल्हारला एका रसवंतीत माझं यंत्र चाललं. आधी चाललं नाही, मग चाललं. त्या मधल्या वेळात तुमची इतकी आठवण आली, की घरी येऊन पर्स ठेवली आणि चहाही न टाकता लिहायला बसले. तुम्ही गेलात तेव्हा मी अजून कॉलेजात तुमच्याकडे शिकतच होते. त्यामुळे मी पुढे काय करायला लागले, हे तुम्हाला कधी कळलंच नाही.

तर आधी ते सांगते. दुपारी काढलेला उसाचा रस संध्याकाळी आंबतो. उकळून ठेवावा तर त्याला काकवीचा वास येतो आणि मग तो रस राहत नाही. पण त्याला हजारो व्होल्टचे झटके दिले, आणि प्रत्येक झटका पापणी लवायच्या कितीतरी आधी संपला, तर त्यातले जंतू मरतात आणि रस फारसा तापत नाही. असे झटके देणारं यंत्र मी राहुरीला, आमच्या प्रयोगशाळेत बनवते. त्याच्या पोटात एक लांबलचक लाइन असते: तांब्याच्या दोन पट्ट्या आणि मधे प्लॅस्टिक. ती विजेने सावकाश भरायची आणि एका दमात रिकामी करायची. लाइन जितकी लांब, तितका झटका टिकतो. म्हणूनच माझं पहिलं यंत्र टेम्पोतून न्यावं लागे. या कामाला मंजुरी देणारे साहेब पुण्याला असतात. ते टेम्पोकडे बघून म्हणाले होते, "मॅडम, रसवंतीच्या टेबलावर बसेल आणि तिथे चालेल, असं काहीतरी दाखवा. नाहीतर हे इथेच थांबवू." तो दाखवायचा दिवस आजचा.

लाइन लांब हवी आणि डबा लहान हवा. यावर मी बरेच दिवस अडले होते, आणि उत्तर मिळालं ते तुमच्या नगरच्या स्वयंपाकघरात. म्हणजे आठवणीतल्या. श्रावणातला रविवार आहे, तुम्ही ओट्यावर अळूची पानं उलटी पसरून बेसन लावताय, मी बाजूला पाटावर. तुम्ही वळकटी करायला देता आणि मी ती घाईघाईने गुंडाळते. "अगं, सतरंजी गुंडाळतेस का? मधे हवा राहिली की सुटते ती. दाबून वळ, पण पान फाडू नकोस." बाई, मी तांब्याची पट्टी आणि प्लॅस्टिकची फिल्म अगदी तशीच वळली. सैल वळली की थरांमध्ये हवा राहते आणि वीज नेमकी तिथूनच फुटते. ओढून वळली की फिल्म फाटते. तीन वळकट्या वाया गेल्या. चौथी तेलात बुडवून डब्यात बसवली, तेव्हा तो डबा पिठाच्या डब्याएवढा झाला. आमच्या प्रयोगशाळेत त्याला सगळे अळूवडीच म्हणतात. साहेबांसमोर मात्र म्हणत नाहीत.

रसवंती एका मावशींची आहे, प्रवरेच्या पुलापासून जवळच. साठीच्या, खणखणीत आवाजाच्या. साहेब आले, खुर्चीवर बसले. मावशींनी चरकातून रस काढला, गाळला आणि यंत्राच्या टाकीत ओतला. मी बटण दाबलं. टक्, टक्, टक् असा आवाज होऊन थांबला, पण यंत्राच्या पडद्यावर झटक्याची जी रेषा उमटून राहते, तिच्यात यायला हवा होता तो सपाट माथ्याचा उंच पल्स आलाच नाही. एक बुटका पल्स उमटला होता आणि त्याच्या पाठोपाठ रेषेच्या खाली, उलटा, आणखी एक. साहेब वाकून बघायला लागले. "हे असंच असतं का?" मी म्हटलं, "नाही." प्रयोगशाळेत याच यंत्राने महिनाभर कुरकुर केली नव्हती.

कॉलेजात एकदा प्रॅक्टिकलला आकड्यांचा मेळ बसेना म्हणून मी रडले होते. तुम्ही ओरडलात, "रडून काय होणार? जे परत आलंय ते बघ आधी. पलीकडे काय आहे, ते तेच सांगतं." मग घरी नेलंत, खिडकीच्या गजाला सुती दोरी बांधलीत आणि तिला झटका दिलात. उंचवटा धावत गजापर्यंत गेला आणि उलटा होऊन, खाली पोट करून परत आला. "पलीकडे घट्ट बांधलेलं आहे, म्हणून उलटं आलं. कळलं?"

विजेचंही तसंच, फक्त तिथे घट्ट गाठीचं काम सोपी वाट करते. पलीकडे वाट फार सोपी असली, की लाट उलटी होऊन परत येते. माझी लाइन आळणी रसाच्या बेताने बनवलेली, आणि या रसातून वीज त्याहून कितीतरी सहज जात होती. असं कशाने होईल? मी मान वर करून विचारलं, "मावशी, रसात काय घातलंत?"

"काय न्हाई. आपलं हे, मीठ अन् लिंबू. जरा आलं."

"टाकीत ओतायच्या आधीच?"

"मंग! पाव्हन्याला आळनी रस द्यायचा व्हय? लोक काय म्हनतील मला?"

मला हसूच फुटलं. साहेबांना काही कळेना, म्हणून त्यांना समजावलं. तेवढ्यात मावशींनी कमरेवर हात ठेवून यंत्राकडे बघितलं. "एवढं इजंचं यंत्र, अन् चिमूटभर मिठाला भ्यालं?" आता साहेबही हसले. मी टाकी धुतली, मावशींनी नव्याने ऊस लावला. या खेपेला रस तसाच ओतला. पल्स उठला, माथा पाटासारखा सपाट, मागे काही नाही. "मीठ ग्लासात घालते वरून," मावशी साहेबांना म्हणाल्या, "तुमचं यंत्र लई नाजूक हाय." साहेब दोन ग्लास प्यायले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षाची मंजुरी धरा, मॅडम. पण मिठाचंही काहीतरी करा. लोक असेच वागणार."

बाई, एक गोष्ट मात्र त्यांना सांगितली नाही. यंत्रात दोन पितळी गोळ्यांमध्ये ठिणगी पडते, ती दिसावी म्हणून मीच तिथे काचेची लहानशी खिडकी ठेवली आहे. निघताना साहेबांनी विचारलं, "ठिणगीचा रंग ठीक होता ना?" मी म्हटलं, "हो, निळसर." पल्स बरोबर होता, म्हणजे ठिणगीही बरोबरच असणार. पण मी ती पाहिली नव्हती. बटण दाबलं की त्या पहिल्या टक्‌ला माझे डोळे गच्च मिटतात, आणि आवाज थांबल्यावरच उघडतात. इतकी वर्षं हेच काम करते आहे, बाई, आणि माझ्या यंत्राची ठिणगी मी अजून एकदाही पाहिलेली नाही. हे पत्र कुणाच्या हाती पडणार नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.