गुडघाभर पाण्याचा किनारा

१२ एप्रिल

ताई,

नमस्कार. मायना काय लिहावा यातच दोन कागद फुकट गेले. 'तीर्थरूप' लिहिलं तर आगाऊपणा, आणि 'प्रिय' लिहिलं तर त्याहून मोठा आगाऊपणा. हे तुमचा विषय निघाला की ताई म्हणतात, म्हणून मीही तेच उचललं. चालणार नसेल तर तसं कळवा, राग मानणार नाही.

आपण एकमेकींना पाहिलेलं नाही. लग्नाला तुम्ही आला नाहीत ते मी समजू शकते. माझी पाठची बहीण गेली असती आणि तिच्या नवऱ्याने दुसरा संसार मांडला असता, तर मीही नटूनथटून गेले नसते.

मुलं मजेत आहेत. तुम्ही वाढदिवसाला पाठवलेले बूट मोठीला अगदी बरोबर बसले. तिचे पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे सध्या बोलते कमी आणि फुंकरी जास्त मारते. पण हुकूम सोडणं काही कमी झालेलं नाही. धाकट्याला तुम्ही ठेवलेलं 'भुंगा' हे नाव अजून शोभतं. जेवताना, अंघोळीला, झोपेतसुद्धा त्याची गुणगुण चालूच. ह्यांचं लिफ्ट दुरुस्तीचं काम जोरात आहे. कुठे कोण कधी अडकेल याचा नेम नाही, म्हणून रविवारचाही भरवसा नसतो. मी अजून त्याच चष्म्याच्या दुकानात आहे. दिवसभर गिऱ्हाइकांना 'आता खालची ओळ वाचा' म्हणायचं, आणि घरी येऊन मोठीला तिच्या पुस्तकातली तीच.

पत्र लिहायचं कारण असं की मुलांना सुट्टी लागली आहे आणि दोघांनी समुद्राचा धोशा लावला आहे. मी वाढले त्या गावापासून समुद्र फार लांब. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तरी दोन रविवारी दोन किनारे बघून आलो.

पहिला सगळे जातात तो. दिसायला झकास, पण वाळू दोन पावलांवर एकदम खाली उतरते आणि लाट अगदी काठाशी येऊन आदळते. भुंग्याला तिने असं उलटं केलं की त्याचे पाय वर आणि टोपी समुद्रात. शिवाय सावलीचं नाव नाही, आणि स्वच्छतागृह इतकं लांब की तिथे पोचेपर्यंत गरज उरत नाही. दुसरा शांत होता. खडकांमध्ये साचलेल्या पाण्यात मोठीने इवलाले खेकडे शोधले, खूश होती. पण खडक शेवाळलेले. भुंग्याचा तळवा शिंपल्याने कापला, आणि त्याला उचलायला गेले तर मीच घसरले. काही लागलं नाही, पण ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तिथून तडक घरी आणलं त्यांनी आम्हाला.

परतताना मोठी म्हणाली, "आपला समुद्र हा नव्हेच. आपल्या समुद्रात कितीही लांब चालत गेलं तरी पाणी गुडघ्याएवढंच असतं. आई न्यायची तो."

मी ह्यांना विचारलं, कुठला तो? "बघू," म्हणाले, आणि गाडी बाजूला घेऊन टायरमध्ये हवा आहे का ते बघत बसले. हवा होती.

तुम्हाला तो किनारा माहीत असेल असं मोठी म्हणते. तुम्हीपण बरोबर असायचात ना? कळवाल का? फार वळणांचा रस्ता नसला तर बरं, मला हल्ली गाडी लागते. आणि सावली हवी, स्वच्छतागृह जवळ हवं. मुलांसाठी म्हणते आहे.

उत्तर पाठवलं नाहीत तरी मुलांना तुमचा आशीर्वाद सांगेन.

नमस्कार.

२९ एप्रिल

ताई,

तुमचं उत्तर आलं. वर कुणाचंच नाव नव्हतं, तरी ते मलाच आलं असं धरून चालते. 'उत्तरेला जाताना पूल ओलांडल्यावर डावीकडे वळावं. ओहोटी लागायच्या आत पोचावं, नंतर चिखल होतो. टोपी भडक रंगाची घालावी, गर्दीत दिसते.' अख्ख्या पत्रात मला तुम्ही 'तू'ही म्हटलं नाहीत आणि 'तुम्ही'ही. मी ते वाचून हसले, आणि मग जरा वेळ हसू आलं नाही. पण एक सांगू? इतकी काळजीपूर्वक माहिती कुणी परक्याला देत नाही.

तर गेलो. डोंगराच्या कुशीत आत वळलेला किनारा, म्हणून लाट कशी दमून भागून आल्यासारखी पायाशी येते. मोठी खरंच सांगत होती. मी भुंग्याचा हात धरून चालत राहिले, चालत राहिले, आणि पाणी आपलं गुडघ्याशीच. मागे झाडांची गर्द सावली, पाय धुवायला गोड्या पाण्याचा नळ, आणि उंच खुर्चीवर शिट्टी घेऊन बसलेला लाइफगार्ड. सगळीकडे लहान पोरं नि त्यांच्यामागे धावणारे आईबाप. म्हणजे आपलं पोर रडलं तर कुणी वळून बघत नाही. सगळ्यांचीच रडत असतात.

हे सुरुवातीला गाडीतच बसले. मग एकटेच चालत पार टोकापर्यंत जाऊन आले. डोळ्यात वाळू गेली म्हणाले. वारा नव्हता, पण मी रुमाल दिला.

मोठीने मला सगळं दाखवलं. इथे आई बसायची, इथे मावशी कमरेएवढे मोठे बुरूज बांधायची आणि स्वतःच त्यावर बसून मोडायची. (हे खरं आहे?) मी चटई जरा बाजूला पसरली. तिच्या आईची जागा आपण कशाला अडवायची, असं वाटलं. तर म्हणाली, "तिथे ऊन येतं. इकडे ये."

आता जे झालं ते सांगते. तुमच्यापासून लपवणं बरं नाही.

जेवण झाल्यावर मोठी बुरूज बांधत होती, हे जरा आडवे झाले होते. मी डबे आवरायला वळले आणि भुंगा चेंडूमागे गेला. मान वर केली तर नाही. तुमच्या सांगण्याप्रमाणे टोपी पिवळी धमक घेतली होती. ताई, तिथल्या अर्ध्या पोरांच्या डोक्यावर पिवळी टोपी! प्रत्येक घरात एकेक मावशी असणार. मी ज्याला त्याला वळवून तोंड बघत धावत सुटले. पाण्यात शिरले, बाहेर आले, पुन्हा शिरले. गुडघाभर पाणी मला त्या क्षणी किती खोल वाटलं ते सांगता यायचं नाही.

भुंगा लाइफगार्डच्या खुर्चीखाली बसला होता. रडून रडून लाल, आणि चेंडू छातीशी घट्ट. मी झडप घातली, तर त्या माणसाने मधे हात घातला.

"ही तुझी आई का रे?"

भुंग्याने प्रामाणिकपणे मान हलवली. नाही.

"मग कोण आहे?"

त्याला विचार पडला. ताई, मुलं मला काहीच म्हणत नाहीत. मीही कधी सांगितलं नाही की अमुक म्हणा. 'अगं, पाणी दे', 'अगं, हा बघ मारतोय', अशी 'अगं'वर आमची गाडी चालते.

"ही अगं आहे," भुंगा म्हणाला.

लाइफगार्ड माझ्याकडे बघायलाच लागला. त्याचं तरी काय चुकलं? घामाने निथळणारी बाई, आणि पोर म्हणतंय आई नाही. "थांबा बाई, असं देता येणार नाही. वडील कुठे आहेत ह्याचे?" खरं सांगायला गेले तर लांबलचक होतं, आणि थोडक्यात सांगायचा जो एक शब्द आहे तो मी अजून तोंडाने उच्चारलेला नाही.

तेवढ्यात मागून मोठी आली, बादली हातात, कमरेवर हात.

"आमची आहे ती," म्हणाली. "आमच्याच घरी असते. द्या त्याला तिच्याकडे. तिच्याशिवाय तो शूसुद्धा करत नाही."

त्याने दिला. मी भुंग्याला घेऊन तिथेच वाळूत बसले. हे धावत आले आणि मुलांना नाही, मलाच ओरडले, "तुला धावायला कुणी सांगितलं होतं? मी होतो ना!" असं ते कधी ओरडत नाहीत. मग मला पाणी पाजलं, सावलीत निजवलं, आणि येताना गाडी इतकी हळू चालवली की मागचे सगळे भोंगे वाजवत होते.

बाकी काही नाही. ऊन लागलं असेल.

मुलं तुमची आठवण काढतात. मोठीने त्या बुरुजाचं चित्र काढलंय, सोबत पाठवते आहे. वर जे बसलंय ते तुम्ही आहात.

नमस्कार.

११ मे

ताई,

चौथा.

तुम्ही पहिल्याच ओळीत विचारलंत, 'कितवा?' म्हणून हे पहिल्याच ओळीत उत्तर. मी दोन पत्रं इतकी जपून लिहिली, आणि तुम्ही एका गाडी लागण्यावरून आणि ह्यांच्या एका ओरडण्यावरून सगळं ओळखलंत. 'लपवतेस काय?' असंही विचारलंत. त्यातल्या 'तेस'वर मी बराच वेळ बोट ठेवून बसले होते.

डॉक्टरांना दाखवून आले. सगळं ठीक आहे. त्या दिवशीच्या धावण्याने काही बिघडलेलं नाही.

का लपवलं, तेही सांगते. मुलं तुम्ही मागितली होतीत, हे लग्नानंतर कुणाकडून तरी माझ्या कानावर आलं. ह्यांनी स्वतः सांगितलं ते तुमचं हे पत्र वाचून, परवा. म्हणाले, "ताई मुलांना न्यायला आल्या होत्या आणि मी त्यांना दारातूनच परत पाठवलं. पाणीसुद्धा विचारलं नाही." मग बराच वेळ तुमच्या बहिणीबद्दल बोलत होते. लग्नानंतर पहिल्यांदाच. ती फार मोठ्याने हसायची म्हणे, किनाऱ्यावर लोक वळून बघायचे. मला बरं वाटलं, ताई. खोटं नाही सांगत.

मला भीती अशी की हे कळलं की तुम्ही पुन्हा मागाल. आणि तुम्ही मागितलीतच. 'बाळंतपण होऊन तू सावरेपर्यंत मुलांना माझ्याकडे पाठव. तुला झेपायचं नाही. पुढचं पुढे बघू.' मायेने लिहिलं आहे, कळतं मला. पण ते 'पुढचं पुढे बघू' मी पुन्हा पुन्हा वाचलं. दुकानात एक नेहमीची बाई येते, ती परवा म्हणाली, "चला, आता तुझं स्वतःचं होईल." मी तिच्या चष्म्याची काडी इतकी आवळली की मोडली.

तरी मी विचार केला. खरंच नाही झेपलं तर? मुलांचे हाल होऊ नयेत. म्हणून मोठीला विचारलं, सुट्टी संपल्यावरही मावशीकडे राहायला जाशील का? बूट घालत होती. म्हणाली, "किती दिवस?" मी म्हटलं, बरेच. ती बंद बांधायची थांबली.

"आम्ही परत येऊ तेव्हा तू असशील ना?"

मी म्हटलं, असं का विचारतेस?

"मागच्या वेळी मावशीकडे गेलो होतो तेव्हा आई हॉस्पिटलमध्ये होती. परत आलो तर नव्हती."

एवढंच बोलून तिने बंद बांधला आणि खेळायला गेली.

ताई, तुम्ही तेव्हा त्यांना नेलंत ते किती चांगल्या मनाने नेलंत, हे तिला आज कळणार नाही. कळेल कधीतरी. पण म्हणून आता मुलं पाठवत नाही. ह्यांनाही मी तसं सांगितलं, आणि ते उठून मागची खोली रिकामी करायला लागले. त्यांची सगळी हत्यारं, तारांची भेंडोळी, सगळं बाहेर काढलंय. खिडकीला नवी कडी बसवली. पलंग माझ्या माहेरून येतोय.

मुलं नका मागू. तुम्हीच या.

बाळंतपणाला या असं म्हणत नाही, आत्ताच या. मुलांना बाळाचं अजून सांगितलेलं नाही. ते सांगू तेव्हा तुम्ही जवळ हव्यात. कारण मी वाईट बाई नाही, एवढं मला स्वतःबद्दल माहीत आहे, पण अंगावरचं मूल आणि डोळ्यावर झोप असताना मी कशी वागेन ते मला ठाऊक नाही. हे नवरा म्हणून माझीच बाजू घेतील. मला घरात असं एक माणूस हवंय जे आधी त्या दोघांचं असेल. ज्याला माझ्याकडून उणंअधिक झालेलं लगेच दिसेल, आणि जे भीडभाड न ठेवता मला तोंडावर बोलेल. तुम्ही बोलाल. तुमच्या दोन पत्रांतच कळलं मला ते.

तुमच्या बहिणीचा हक्क मी सांगत नाही. पण तिने ज्या मुलांना गुडघाभर पाण्यातच चालायला शिकवलं, त्यांना पुढे खोल पाण्यात पोहायला कुणीतरी शिकवायचं आहे, आणि मला येत नाही. तुम्हाला येतं म्हणे.

गाडी सकाळची घ्या. स्टँडवर हे येतील. या वेळी दारात उभं ठेवणार नाहीत, मीच उघडेन. आल्यावर मला काय हाक मारायची ते तुम्ही ठरवा. मुलांनी काय मारायची ते मुलं ठरवतील, मला घाई नाही.

तुमची,
आणि तिघांचीही सारखीच राहू पाहणारी