ढाडीनं गाळलेलं नाव

तांडा, मानोरा
फाल्गुन, १९५४

भाऊ हरिसिंग,

तुयं बायबल मी अजून वाचून राह्यली. तू शिकवलं तसंच, आधी एक ओळ, मंग तिच्याखालची टीप. बा म्हणते, मले आयकाचं नाही. पण रोज संध्याकाळी मले पाठमोरा होऊन तिथंच बसते.

तू बाटला म्हणून, वंशावळ गाणाऱ्या ढाडीले बानं तुयं नाव घेऊ देल्लं नव्हतं. मले त्याचा अजून राग येते.

आज येशूची वंशावळ आली. नुसती नावंच नावं. मी पान उलटवू लागली, त बा खेकसला, "थांब! वंशावळ मधीच सोडते काय कोणी?"

मंग सगळी वाचली. खाली टीप होती, का ज्याइची घरच्याइले लाज वाटे, त्याइचीही नावं यात गाळली नाहीत.

बा उठला. वंशावळ गायली का ढाडीले देतात तसं नवं पागोटं पुस्तकावर ठेवलं अन् म्हणाला, "हऱ्या वाशीमात कोठी राह्यते?"

म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही, बाच्याच हाती देते. सकाळच्या मोटारीनं बाच तुले घ्याले येऊन राह्यला.

चुलीवर तुया वाट्याची भाकर टाकणारी,
गोमती