दुरुस्तीआधी काढून घेतलेला आवाज

सूनबाई,

लॅपटॉप दुरुस्तीला घेऊन चाललोय. दुपारी कुठे तुझा डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही.

दुकानदार फोनवर म्हणाला, "काका, खाजगी असेल ते काढून घ्या, डिस्क पुसावी लागेल." तुमचे फोटो, बँकेचे कागद, मी जमवलेली बुवांची कीर्तनं, सगळं पेन ड्राइव्हवर घेतलं आणि लॅपटॉपवरून पुसलं. पासवर्ड कुणाला देणार नाही.

कीर्तनं तपासताना एक वेगळंच निघालं. रेकॉर्डिंग सुरू करताना बाळ्या दरवेळी म्हणायचा, "बाबा, काय खोकायचं ते आत्ताच खोकून घ्या!" देवाच्या नावाआधी हा चावटपणा नको, म्हणून मी त्याला ते कापायला लावायचो. या एकात राहून गेलंय. तो गेल्यापासून आज पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला. पुढे बुवा काय गायले, देव जाणे.

दुकानात कुणी ते ऐकून हसलं असतं तर मला सोसलं नसतं.

पेन ड्राइव्ह तुझ्या उशाशी आहे. त्याची आणखी एक प्रत करून ठेव. कीर्तन बुवा पुन्हा करतील गं, पण सुरुवातीचं ते एक वाक्य जप. आता मी कितीही खोकलो तरी ते पुन्हा मिळायचं नाही.

– बाबा