खोट्या गिऱ्हाइकाची तक्रार

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढंच वाकून). तुझा गुडघा कसा आहे? माझ्या तब्येतीचं विचारू नकोस. दिवसाला अकरा कप चहा पिणाऱ्याची असते तशी आहे.

परदेशात जाऊन अपंगांना नोकरीचं शिक्षण देणाऱ्या संस्थेत सेवा करणार, असं मी गावभर सांगत सुटलो होतो. वाटलं, निदान एखादा वर्ग तरी शिकवायला देतील. तर इथल्या मुख्य बाईंनी (हसत नाहीत) मला एका टेबलाशी बसवलं आणि सांगितलं, तुम्ही गिऱ्हाईक. एका खोलीत यांनी खोटं हॉटेल मांडलंय. शिकणारी मुलं वाढपी आणि मी खोटं गिऱ्हाईक! छत्तीस वर्षं हेडक्लार्क म्हणून लोकांना ताटकळत ठेवलं, त्याची फेड असावी.

माझ्या टेबलाला एक मुलगी होती. उजवा हात चालत नाही, सगळं डाव्या हाताने. नजर अशी की मी मनातल्या मनात तिला फौजदार म्हणायचो. चहा मात्र थंडगार. कधी बिनसाखरेचा, कधी चहाऐवजी कॉफीच. आता तूच सांग, एका हाताने ट्रे आणणाऱ्या पोरीला नावं ठेवायला जीभ रेटेल का? (आपल्या घरात तर करपलेल्या भाजीलाही 'खमंग' म्हणतात.) मी आपला 'वा, फक्कड!' म्हणून घोट गिळायचो.

तीन आठवड्यांनी खऱ्या हॉटेलात तिची चाचणी झाली. पहिलंच गिऱ्हाईक म्हणालं, चहा थंड आहे. फौजदार जागच्या जागी थिजली. हे वाक्य तिने कधी ऐकलंच नव्हतं! मालकाने परत पाठवलं. आता एकच संधी, गुरुवारी. ती तरातरा माझ्याकडे आली.

"तीन आठवडे माझा चहा थंड होता?"

"थोडासा."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आणि आता बरं वाटतंय का मला?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून बाईंनी मला रोज दहा तक्रारी नेमून दिल्या. आधी मी तक्रार करून वर माफीही मागायचो. बुधवारपर्यंत मात्र इतका चेकाळलो की वाफाळता चहासुद्धा परत पाठवला. ती म्हणाली, "हा गरम आहे. गुमान प्या."

गुरुवारी ती पास झाली. सोमवारपासून कामावर. मला रडू आलं. तिने साधे आभारही मानले नाहीत. जाताना मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "तुमच्या शर्टाची डावी बाही दोन बोटं आखूड आहे. कोणी सांगितलं नाही?"

तुझा,
चहाने गांजलेला भाऊ

ता. क. शर्ट तुझ्या धाकट्या मुलाने शिवलेला आहे. पायाने अधू असून पोरगा मशीन चालवतो, म्हणून सात वर्षं आपण सगळे 'काय सुंदर शिवतोस' म्हणतोय. आणि नातेवाईक सोडून त्याच्याकडे कपडे शिवायला कुणी फिरकत नाही, म्हणून हळहळतोयही आपणच. शर्ट पार्सलने परत पाठवलाय. बाही नीट करून दे म्हणावं.

ता. क. २. हे तू तोंडी सांगू नकोस, तुझ्याच्याने व्हायचं नाही. पत्रच त्याच्या हातात दे. राग आला तर येऊ दे. आणि कॉलरही टोचते.