एन्कोडरचा निर्णय या रविवारी

१२ जुलै, शनिवार
प्रोजेक्टची नोंद हवी म्हणून आजपासून रोज लिहायचं. प्रांजल दहा ऑगस्टला रत्नागिरीला चालली, फिशरीज कॉलेजच्या हॉस्टेलवर. त्याआधी घरात आर्केडचं कंट्रोल पॅनेल तयार. दोन जॉयस्टिक, दोघांची बटणं, मागे आपला जुना कॉम्प्युटर. बाप विरुद्ध लेक. भांडुपच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये मी काय चीज होतो, ते तिला कळलंच पाहिजे.
प्लायवूड कापून आलं. बटणं बसवली. झकास दिसतंय. डायनिंग टेबल पूर्ण व्यापलं, पण तात्पुरतं.
राहिला फक्त एन्कोडर. बटणांच्या वायरी ज्या छोट्या बोर्डात जातात आणि जो कॉम्प्युटरला कळवतो की बटण दाबलं, तो. उद्या ठरवतो. दहा मिनिटांचं काम.

१३ जुलै, रविवार
ठरलं नाही. पण विषय समजला. एन्कोडरच्या दोन जाती. एक कॉम्प्युटरला सांगतो, मी कीबोर्ड आहे. दुसरा सांगतो, मी जॉयस्टिक आहे. जुन्या गेमना कीबोर्डवाला बरा. पण त्यातही पुन्हा दहा प्रकार.
शीतल म्हणाली, "कुठलाही घे ना. बटण दाबलं की माणूस उडी मारतो ना? बस."
बायकोला खोलात जायची सवय नाही.

१६ जुलै, बुधवार. सकाळी ६.
झोप नाही. कारण लेटन्सी. म्हणजे बटण दाबल्यापासून स्क्रीनवरचा माणूस हलेपर्यंतचा वेळ. कुठल्या बोर्डाची किती, यावर फोरमवर माणसं एकमेकांचे गळे धरतायत.
प्रांजलला चहा पिताना सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "बाबा, हॉस्टेलच्या चादरी घ्यायला कधी जायचं?"
रविवारी, म्हटलं. नक्की.

२० जुलै, रविवार
चादरी घ्यायला त्या दोघी घाटकोपरला गेल्या. मी जाणारच होतो, पण अनिरुद्धने आजची वेळ दिली होती. ऑफिसातला अनिरुद्ध. त्याने घरी अख्खं मशीन बनवलंय.
म्हणाला, "साधा कीबोर्ड एन्कोडर घे रे. लॅमिंग्टन रोडला मिळतो. आज लाव, आज खेळ." वर मला खेळायला बसवत होता. मी नाही बसलो, वायरिंगचे फोटो काढले.
चांगला माणूस आहे. पण समाधानी. समाधानी माणसाचा टेक्निकल सल्ला घेऊ नये.

२४ जुलै, गुरुवार
निर्णय! परदेशातून मागवला. प्रत्येक बटणाला कीबोर्डवरची हवी ती की देता येते. चार ऑगस्टपर्यंत येईल. हातात भरपूर दिवस राहतात. एकदम हलकं वाटतंय.
रात्री जेवताना वाटलं, दुसरा घ्यायला हवा होता.

२७ जुलै, रविवार
आईने आज तोंड सोडलं. "रे झिला, जेवच्या टेबलार ह्या काय मांडलंस? पोरगी चलली. तिका समोर बसवून चार घास घाल."
मी म्हटलं, आई, हे सगळं तिच्यासाठीच चाललंय ना.
"तिका इचारलंस?"
टू प्लेयर ही गोष्ट आईला समजावणं अवघड आहे. ताट मांडीवर घेऊन जेवलो सगळे. प्रांजल लवकर उठली.

५ ऑगस्ट, मंगळवार
पार्सल अजून वाटेत. दिवसातून फक्त गरजेपुरतं ट्रॅकिंग बघायचं ठरवलं. ऑफिसात साहेबांनी विचारलं, फोनवर कोणाचं एवढं काय चाललंय. घरी पेशंट आहे म्हणालो.
घाबरण्यासारखं काही नाही. प्लॅन बी तयार. जुना कीबोर्ड फोडायचा, आतला बोर्ड काढायचा, त्यालाच वायरी जोडायच्या. तोही एक प्रकारे एन्कोडरच.

८ ऑगस्ट, शुक्रवार. संध्याकाळी.
डेमो झाला. वाट लागली.
एकट्याने बटण दाबलं की सगळं बरोबर. दोघांनी एकदम दाबलं की कीबोर्डचा बोर्ड गोंधळतो, भलतीच बटणं धरतो. प्रांजलने लाथ मारली, तर माझा माणूस खाली बसला. मी पुढे सरकलो, तर तिच्या माणसाने उडी मारली. तिकडे ती हसून हसून जमिनीवर बसली. शीतल स्वयंपाकघरातून बघायला आली, तीही हसायला लागली. आईसुद्धा.
"बाबा, असंच राहू दे ना! सॉलिड आहे. अजून एक गेम."
मी म्हटलं, हा काय गेम आहे? असलं काम मी तुला देणार नाही. आणि वायरी उपटल्या.
तिने विचारलं, "मग उद्या?"
उद्या नक्की.

९ ऑगस्ट, शनिवार
दिवसभर सोल्डरिंग. सगळ्या वायरी नव्याने. आता एकही बटण चालत नाही, पण कारण सापडत आलंय.
प्रांजल दोनदा डोकावली. पाच मिनिटं, म्हटलं. संध्याकाळी ती आजीला घेऊन आइस्क्रीम खायला गेली. माझ्यासाठी कप आणला. बघितला तेव्हा त्याचं दूध झालं होतं.

१० ऑगस्ट, रविवार
ठाणे स्टेशनवर सोडायला गेलो. सांगायचं बरंच होतं. पार्सलचं स्टेटस सांगितलं. दिवाळीला येशील तोवर एकदम फर्स्ट क्लास असेल, म्हटलं.
ती म्हणाली, "हो बाबा. जेवत जा वेळेवर." गाडी हलली.
परत येताना शीतल एक अक्षर बोलली नाही. तिला प्रवासात बोलायला आवडत नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
पार्सल काल आलं. आज सुट्टी, सकाळीच बसवला. पहिल्या फटक्यात सगळी बटणं चालू. काय वस्तू आहे! घरात दाखवायला कोणी नव्हतं. दोघी देवळात गेल्यात.
टू प्लेयर लावलं. माझा माणूस उभा राहिला. समोर तिचा उभा राहिला, जागच्या जागी झुलत. एक लाथ मारली. पडला, उठला, परत तसाच झुलत उभा. मग माझ्याच्याने मारवेना. वेळ संपेपर्यंत दोघं समोरासमोर उभे होते.
प्लेयर वन जिंकला, असं आलं.
लेटन्सी अजिबात नाही.